पलीकडचं आमेन

फिलोमिना आत्यासारखा आवाज आमच्या अख्ख्या नगरात कुणाचा नाही. दर मे महिन्यात आम्ही सारे भंडारदऱ्याला जमतो आणि जेवणाआधी ती धरणाच्या पाण्याकडे तोंड करून प्रार्थना म्हणते. तिचं खणखणीत ‘आमेन’ पलीकडच्या डोंगरावरून परत आलं, की मगच पातेल्यांची झाकणं उघडायची. मग ती सगळ्यांत धाकट्याला पहिली हाक मारते.

यंदा माझ्या भावाच्या, सॅमच्या लग्नात चार दिवस गाऊन तिचा घसा पार बसला होता. प्रार्थना एलियाकाकांनी म्हटली. आत्या ओठ मिटून हसत उभी होती. आम्ही सगळे म्हणालो, “आमेन.”

पलीकडून एकट्या आत्याचंच आमेन आलं. नेहमीपेक्षाही गोड.

“वा, आत्या!” सॅमने टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा भारावून गेले.

आत्याने नकारार्थी मान हलवली. तिचा हात गळ्याशी गेला.

तेवढ्यात पाण्यावरून पुन्हा तोच मायाळू आवाज आला. “आराधना, ये बाळा. गरम आहे तोवर खाऊन घे.”

आमच्यातली सगळ्यांत धाकटी, चार वर्षांची आराधना आत्याच्या हाकेला कधी थांबलेली नाही. “आले, आजी!” म्हणत ती आत्याच्या शेजारून पाण्याकडे पळाली.

तिला थांबवायला आत्याने तोंड उघडलं. आवाज फुटलाच नाही.