तळघरातला उन्हाळा

मिनेसोटाच्या हिवाळ्यात घरातली हीटिंग जरा वाढवायला सांगितलं, की ऑर्विन लग्नापासून बायकोला एकच उत्तर देत आला होता, "अगं मार्लिस, मोज्यांची अजून एक जोडी चढव की! गॅस काय फुकट येतो?"

सांगून सांगून थकलेली मार्लिस यंदा म्हणाली, "मला तळघरात तो गरम खोलीतला योगा सुरू करायचाय."

उपकरणं निवडायची म्हटल्यावर ऑर्विनच्या अंगात वारंच भरलं. महिनाभर जेवताना दुसरा विषय नाही. "पंख्याचा हीटर नकोच, नुसती धूळ उडवतो. छताला इन्फ्रारेड पॅनल लावू. एकदा का खोली तापली, की बघच तू!" वायरिंगवाल्याच्या डोक्यावर तो स्वतः उभा राहिला.

खोली तयार झाली. मार्लिस आत गेली, दार लावून घेतलं आणि चटईवर नुसती आडवी झाली. आसन तिला एकही येत नव्हतं. हाडांत मुरलेली थंडी हळूहळू सुटत गेली, तसे तिचे डोळे जड झाले.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.



"मार्लिस, पुरेसं गरम होतंय ना गं? का अजून वाढवू?"