रणगाडा थांबवावा का?

"एकानं एकच हात वर करायचा," वाल्मिक दुसऱ्यांदा म्हणाला. "संदीप, दुसरा खाली घे."

संदीपनं नाइलाजानं दुसरा हात खाली घेतला. तो दुधाचा टेम्पो चालवायचा आणि हिरो अजिंक्यराजसाठी चार हातांनी मतदान करायचीही त्याची तयारी होती.

खर्ड्यातल्या वाल्मिक फ्लेक्सच्या दुकानात 'रणगाडा फॅन क्लब'ची बैठक भरली होती. मुंबईच्या फिल्म कंपनीनं गावोगावच्या क्लबांना विचारलं होतं, अजिंक्यराज आता बासष्ट वर्षांचे झाले, तर 'रणगाडा' सिनेमाचा आठवा भाग काढावा की इथंच थांबावं? एका क्लबाला एक मत, संध्याकाळी पाचच्या आत. वाल्मिकनं रीतसर ग्रामसभेसारखाच घाट घातला होता. ठराव, सूचक, अनुमोदक, सगळं.

अध्यक्ष तोच. बावीस वर्षं त्यानं अजिंक्यराजवर जीव लावला होता. क्लबाच्या शर्टावर त्यानं स्वतः छापलेलं चित्र होतं: कड्यावरून हात पसरून झेपावणारा पाठमोरा रणगाडा. ती उडी पहिल्यांदा पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं बापाला सांगितलं, मी दुकान टाकणार. बाप नको नको म्हणत राहिला. वाल्मिकनं टाकलंच. आठवा भाग निघाला नाही तर आपल्या आयुष्यात पुढं बघण्यासारखं काय उरेल, या विचारानं त्याला रात्री झोप लागली नव्हती.

"आजोबा झाले ते," दिशा म्हणाली. ती गावच्या शाळेत शिकवायची. "अन् हिरॉइन पंचवीसची. आपल्यालाच लाज वाटते. मानानं थांबू दे की त्यांना."

"थोबाडाचं काय घेऊन बसलीस?" संदीप उसळला. "उडी बघ, उडी! बासष्टीतला गडी अन् धा पुरुस खोल झेपावतो. आपल्या गावात हाय का असा कोन? असला वाघ घरी बसवायचा व्हय?"

हात मोजले. चार विरुद्ध चार. मग सगळ्यांनी छबूबाईंकडं पाहिलं.

छबूबाईंचा भज्यांचा गाडा दुकानाला लागूनच होता. पासष्टी उलटलेली, पण क्लबात त्यांच्याइतकी कट्टर कुणी नव्हती. पोरगा करण मुंबईला कुठल्याशा कंपनीत कामाला, तो दिवाळीला आला तर आला. म्हातारीला तेवढाच विरंगुळा, असं गाव म्हणायचं. जामखेडच्या थेटरात रणगाड्याचा पहिला खेळ त्यांनी कधी चुकवला नाही. बाहेर उभ्या केलेल्या कटआउटला पोरं हार घालायची, आणि छबूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन त्याच्या मागच्या बाजूला जायच्या. तिथं नुसतं प्लायवूड आणि बांबू. तिथूनच त्या दृष्ट काढायच्या.

"मावशी, त्वांड हिकडं हाय!" पोरं ओरडायची.

"असू दे. माजी हितूनच लागती," म्हणत त्या कडाकडा बोटं मोडायच्या. परपुरुषासमोर उभं राहायला म्हातारी लाजते, असा पोरांनी अर्थ लावला होता.

त्यांचं मत काय पडणार, हे विचारायचीही गरज नव्हती. वाल्मिकनं 'काढावा' असं लिहायलाही घेतलं.

"बंद करा," छबूबाई म्हणाल्या.

वाल्मिकचं पेन थांबलं. "मावशी, तुमी? तुमी म्हनताय हे?"

"व्हय. आदी दोनी पाय बराबर टेकायचा. सातव्यात डावा आदी टेकला, मंग भुईला हात लावला. उजव्या गुडघ्यात काय न्हाई ऱ्हायलं त्याच्या."

"काय तरीच," संदीप म्हणाला.

वाल्मिकनं मोबाईलवर ती उडी लावली आणि अगदी सावकाश पुढं सरकवली. डावा पाय. मग हात. मग क्षणभर, उजवा पाय मुडपताना त्या रुंद पाठीला बसलेला हिसका. हे दृश्य त्यानं चाळीस वेळा तरी पाहिलं असेल आणि चाळीसही वेळा नेमक्या त्याच जागी शिट्टी मारली होती. त्याला स्वतःचीच शरम वाटली.

"एवढं दुखतंय तर ते थांबत का न्हाईत?" त्यानं विचारलं.

"लोकांचं मन मोडवत न्हाई त्याला. तुमी शिट्ट्या मारताय तवर तो उड्या मारनार. एक दिवस उठायचा न्हाई." छबूबाईंचा आवाज चिरकला. "तुमीच सोडा रं त्याला. तुमी म्हनलात तरच थांबंल."

संदीपनं नाक ओढलं आणि 'बंद'च्या बाजूनं हात वर केला; मागोमाग बाकीच्यांनीही. वाल्मिकला रडू आवरेना, पण अध्यक्ष असल्यामुळं त्यानं पाठ फिरवून ते उरकून घेतलं. मग तो संगणकासमोर बसला आणि त्यानं ठराव टाइप केला:

'ज्यांनी आम्हाला झेप घ्यायला शिकवलं, त्यांना सुखानं चालताना आता आम्हाला बघायचं आहे. रणगाडा इथंच थांबवावा. सूचक: छबूबाई. अनुमोदक: वाल्मिक. ठराव सर्वानुमते मंजूर.'

पाचाला दहा मिनिटं कमी असताना ठराव मुंबईला गेला. बावीस वर्षांत अजिंक्यराजसाठी आपण केलेलं हेच सगळ्यात मोठं काम, असं वाल्मिकला वाटलं. जड वाटत होतं, पण मनातून तो सुखावलाही होता. त्यानं ठरावाची एक प्रत छापली, चांगल्या जाड कागदावर, आणि मावशींना द्यायला बाहेर आला.

छबूबाई गाड्याआड त्याच्याकडं पाठ करून उभ्या होत्या. मोबाईल कानाला घट्ट धरून, पदरानं डोळे पुसत त्या बोलत होत्या.

"खर्ड्याच्या पोरांचं मन मोडवत न्हाई म्हनत हुतास न्हवं, करन? आता त्यांनीच ठराव केलाय. ये घरी. अन् त्या अजिंक्यराजला सांग, म्हनावं, आता तुमच्या उड्या तुमी मारा."