गुहेतलं बाळंतपण

"जोर लाव, बेर्ता, जोर लाव!" सिरीवी ओरडली, आणि तेवढ्यात गुहेच्या तोंडाशी अंधारलं. एक उंच गोरा सैनिक बंदूक रोखून आत वाकला होता.

खाली नदीकाठच्या जंगलात सकाळपासून अमेरिकन आणि जपानी एकमेकांना हुडकून मारत होते. बूगनव्हिल बेटावरचं हे गाव केव्हाच रिकामं झालं होतं. बेर्ताला पळता येईना, म्हणून तिची मावशी सिरीवी तेवढी मागे राहिली होती. मूल पायाळू होतं. आणि बेर्ताला पाठीमागून धरायला कुणी नव्हतं.

"बघत काय उभा राहिलास, ताडमाडा? ये इकडे!" सिरीवीने त्याला दंडाला धरून ओढलंच. भाषा कळली नाही, पण ओढ कळली. त्याने बंदूक खडकाला टेकवली आणि बेर्ताच्या पाठीशी बसून तिला सावरून धरलं.

जरा वेळाने पुन्हा अंधारलं. या खेपेला जपानी होता. चष्मेवाला, चिखलाने माखलेला. गोरा दिसताच त्याची बंदूक वर झाली. गोऱ्याचे दोन्ही हात बेर्ताच्या मुठीत होते. त्याने आपल्या बंदुकीकडे एकदा पाहिलं, पण हात सोडवून घेतले नाहीत.

 बाळाचे पाय सिरीवीच्या हातात आले होते. ती खेकसली, "मारामाऱ्या बाहेर करा! इथे आधी पोट दाब!" आणि हनुवटीनेच तिने बेर्ताच्या ओटीपोटाकडे खूण केली.

जपानी तसाच उभा. मग त्याने बंदूक दुसऱ्या बंदुकीशेजारी ठेवली, सदऱ्याला तळवे पुसले आणि गुडघे टेकले.

मूल निळं पडलं होतं. सिरीवीने पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, पुन्हा चोळली. आणि ते रडलं. असं रडलं, की बाहेरचा गोळीबार ऐकू येईना. मुलगी! गोरा खदखदून हसला. जपान्याने चष्मा काढून डोळे पुसले.

हसू ओसरलं, तसे दोघे एकमेकांकडे बघू लागले. मग बंदुकांकडे. कुणीच हलेना.

सिरीवी उठली. एक बंदूक तिने गोऱ्याच्या हातात दिली, दुसरी जपान्याच्या. दोघेही चमकले. जपान्याची गोऱ्याकडे आली होती, गोऱ्याची जपान्याकडे. चष्मेवाल्याने आधी हातातली बंदूक पुढे केली. गोऱ्याने आपली घेतली, त्याची त्याला दिली. मान लववून एक डोंगराकडे चढला, दुसरा नदीकडे उतरला.

"मावशी, बंदुका चुकवल्यास की गं!" बाळ छातीशी धरून बेर्ता म्हणाली. "त्यांनी गोळी घातली असती म्हणजे?"

सिरीवी केळीच्या पानांवर ऐसपैस टेकली.

"चुकवते कशाला? ज्याची त्याला दिली असती, तर घातली असती."