लांबलेला उपदेश

"मोशे देवाला म्हणाला, मला बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी पाठव," पाद्रीसाहेब सांगत होते, आणि दुसऱ्या बाकावरच्या करुणाबाई नेहमीसारख्या मान डोलावत होत्या.

उपासनेच्या तोंडावर पाद्रीसाहेबांना जहाज कंपनीचा फोन आला होता. बाईंचा जहाजावर नोकरीला असलेला एकुलता मुलगा वादळात गेला होता. आईला तुम्हीच सांगा, असं कंपनीचे लोक म्हणाले होते.

म्हणून उपदेश संपतच नव्हता. मोशे झाला, 'मी लहान आहे' म्हणणारा यिर्मया झाला. गिदोनाने तर देवाकडे दोनदा खूण मागितली. बाकं करकरू लागली, कुणीतरी मुद्दाम खोकलं. पाद्रीसाहेब घाम पुसून योनाकडे वळले. देवाने जा म्हटलं आणि तो उलट्या दिशेला पळाला, पण शेवटी त्याला जावंच लागलं. एवढंच बोलून त्यांनी घाईने 'आमेन' म्हटलं.

दारात हात मिळवताना त्यांनी करुणाबाईंकडे पाहिलं नाही. बाईंनी मात्र त्यांचा गार पडलेला हात सोडला नाही.

"पाद्रीसाहेब, योनाच्या गोष्टीत जहाज असतं, वादळ असतं. आज तुम्ही दोन्ही गाळलंत," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या पोराचं काय झालं?"