कर्नाळ्याच्या देवीपुढे

आप्पांनी उदबत्त्यांचा अख्खा पुडा एकदम पेटवला आणि ज्ञानेश्वरीनं झटकन वर पाहिलं.

कर्नाळा किल्ल्याच्या पडक्या दरवाजाशी शेंदूर फासलेली देवी होती. भोवती कमरेइतकं गवत, वर छप्परसुद्धा नाही. आणि नेमका डोक्यावर गडाचा तो अंगठ्यासारखा सुळका, त्याच्या कपारींत मधमाश्यांची काळी पोळी लोंबत होती. दहावीतली ज्ञानेश्वरी पायथ्याची पाटी वाचून आली होती: धूर करू नये. तिचे वडील आप्पा आणि त्यांच्याबरोबर हमाली करणारे कोंडिबाकाका मात्र, नव्यानंच वाशीला हललेल्या मार्केटात गोणी घेऊन चालतात तसे, मान खाली घालून थेट वर पोचले होते.

"आप्पा, विझवा ना त्या. वर माश्या आहेत."

"देवीपुढची उदबत्ती फुंकायची नसती," आप्पा म्हणाले. साताऱ्याकडचा माणूस, गडावरच्या देवीला धूप दिल्याशिवाय खाली उतरणार थोडाच.

"मग नका फुंकू. मातीत खुपसा."

"दहावीला गेली म्हंजी बापाला शिकवती व्हय?" कोंडिबाकाका हसले आणि त्यांनी नारळ दगडावर फोडला.

धूर सरळ वर निघाला होता. सुळक्याकडून घूं असा आवाज आला. एक पोळं सायीसारखं हललं. आप्पांच्या शब्दाबाहेर ती आजवर कधी गेली नव्हती, पण आता बोलत बसायला वेळ होताच कुठं? तिनं काकांच्या हातातलं नारळाचं भकल ओढलं आणि त्यातलं पाणी सगळंच्या सगळं उदबत्त्यांवर ओतलं. चर्र झालं. उडालेलं पाणी देवीवरून ओघळत गवतात गेलं.

"खाली बसा. अजिबात हलू नका," ती म्हणाली. आणि दोघंही मुकाट बसले की!

पाचपन्नास माश्या खाली आल्या. एक काकांच्या कानाशी घुटमळत राहिली. एका दमात गोणी उचलणारा माणूस डोळे गच्च मिटून, श्वास रोखून बसला. मग एकेक करत त्या वर गेल्या, आवाज विरला, आणि तिघांनी एकदमच श्वास सोडला. ज्ञानेश्वरीला असं हसू फुटलं की आवरेना.

"वाचलो बाबा," काका म्हणाले. "पर आगळीक झाली, आप्पा. देवीची उदबत्ती विझवली पोरीनं."

तिचं हसू थांबलं. आप्पांनी भिजलेल्या काड्यांकडे पाहिलं, मग गवतात एकट्या बसलेल्या देवीकडे.

"कसली आगळीक," ते म्हणाले. "धूप कुणीबी दावतंय. हितं वर येऊन तिला पाणी कोण पाजतंय?"