हसतमुख आई

शाल्मली रोज सकाळी चहा घेताना वेबसाइट उघडायची आणि वारलेल्या आईशी बोलायची. मरण्याआधी आईचं अख्खं मन त्या वेबसाइटच्या कंपनीने कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. आज मात्र आईच्या चेहऱ्याऐवजी एक फाइलच डाउनलोड झाली. क्लिक करूनही ती उघडेना, म्हणून शाल्मलीने कंपनीला फोन लावला.

"सर्व्हरचा घोळ झालाय, मॅडम," काळसेकर नावाचा इंजिनिअर म्हणाला. "ती फाइल आमच्या सर्व्हरवरच चालते. तुमच्या स्क्रीनवर फक्त तिचं उत्तर येतं. उघडायच्या भानगडीत पडू नका, डिलीट करा."

एवढं ऐकल्यावर कोण थांबेल? फोन चालू ठेवूनच तिने फाइल नोटपॅडमध्ये उघडली. कोडच्या गिचमिडीत कालचं बोलणं सापडलं. आईच्या प्रत्येक उत्तराला दोन ओळी होत्या.

मनातलं: शालू, मला बंद कर. फार दुखतंय गं.
दाखवायचं: जेवलीस का गं?

मनातलं: पाया पडते तुझ्या, बंद कर.
दाखवायचं: किती वाळलीस!

"हे 'मनातलं' आणि 'दाखवायचं' काय आहे?" शाल्मली फोनवर किंचाळली.

"नोंदणी करताना 'हसतमुख आई' तुम्हीच निवडलीत ना? सगळेच निवडतात." काळसेकर जरा घुटमळला. "बंद करू का त्यांना?"

शाल्मलीने त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या.

"नको," ती म्हणाली. "फाइल पुन्हा माझ्याकडे येणार नाही, तेवढं बघा."

तिने फाइल डिलीट केली. थोड्याच वेळात आई स्क्रीनवर आली, नेहमीसारखी हसत.

"चहा झाला का गं, शालू?"

"झाला," शाल्मली खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "आज सुट्टी आहे, आई. दिवसभर बोलू या."