तीन ठोके

सुखदेवनं पंप बंद केला, आणि त्याच्या पाठीत पहिली काठी घातली ती त्याच्या मायनंच.

"भावाचा जीव घेऊन राहिला का रे, मुडद्या!" भीमाबाई किंचाळली.

कन्हानच्या कोळशाच्या खाणीत आदल्या दिवशी पाणी घुसलं होतं. तिचा थोरला, नत्थू, बाकीच्या गड्यांसोबत खालीच अडकला होता. लोकांना आता देव म्हणून उरला होता तो एक डिझेलचा पंप, आणि यानं त्याच्यावरच हात टाकला.

सुखदेव सुटीवर आलेला नौसैनिक. बुडालेल्या पाणबुडीतली माणसं सोडवायला दुसरी खास पाणबुडी जाते, तिचं काम तो रशियात शिकून आला होता. तिथला पहिला धडा म्हणजे यंत्रं बंद करा आणि ऐका. आतले जिवंत असले तर ठोके देतात. आपण तीन परत द्यायचे, म्हणजे त्यांना कळतं, कोणीतरी आलंय.

नागपूरहून आणलेलं भोक पाडायचं यंत्र ट्रकवर नुसतं उभं होतं. "खाली कोणी जिवंत असल्याची खूण दाखवा, मग पाडतो," इंजिनिअर म्हणाला होता.

"दोन मिनिटं चूप राहा, माय! खाणीत उतरलेल्या हवेच्या पाइपाले कान लावू दे मले!"

पण ऐकतो कोण? जमावाला बडवायला कोणीतरी हवंच होतं. फावड्याचा दांडा तोंडावर बसला, दात तुटले. दोघांनी हात मागं पिरगाळले, खांदा निखळला. गाल पाइपावर घासत तो खाली कोसळला, आणि तेव्हाच त्याला ऐकू आलं. टण्. टण्.

एवढ्यात कोणीतरी पंप सुरू केला.

तो ओरडला, पण तोंडातून नुसतं रक्त आलं. मग त्यानं कपाळच पाइपावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"डोस्कं फिरलं याचं!" एक जण म्हणाला.

भीमाबाई पुढं धावली. मारलं तिनंच, पण पोर तिचंच ना! काठी टाकून तिनं त्याच्या कपाळाखाली तळहात घातला. पाइपातून तळहाताला खालून ठोका बसला. मग दुसरा. मग तिसरा.

"जित्ता हाये माहा नत्थू! बंद करा तो पंप!"

पंपाच्या घरघरीत कोणालाच ते ऐकू गेलं नाही. तिनं पहार उचलली आणि पंपाच्या चाकात घातली. चाक करकरून थांबलं. दांडे उगारून सगळा जमाव तिच्यावर धावला.

"मारा मले," ती म्हणाली, "पण चूप राहून मारा."